किल्ली कोणाच्या कमरेला?

सुनेच्या हाती घरचा कारभार दिला, पण कपाटाची किल्ली सासूबाईंनी आपल्याच कमरेला ठेवली, तर दिवाळीचा फराळ कसा व्हायचा, हे वाचक भगिनींना सांगायला नको. आमच्या धाराशिव जिल्ह्याचा इतिहास वाचताना मला या किल्लीची वारंवार आठवण होते.

१८५३ साली निजामाने, त्याच्या नावाने पण इंग्रजांच्या हुकमतीत असलेल्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी, वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर आमचा धाराशिवचा मुलूखही इंग्रजांच्या स्वाधीन केला. मेडोज टेलरसाहेब इथला कारभार पाहू लागले. सारा इथल्या रयतेचा, खर्च फौजेचा! १८६० साली मुलूख निजामाकडे परत गेला. रयतेला हिशेब विचारण्याचा अधिकार मात्र मिळाला नाही.

इकडे इंग्रजी अमलात १८७० साली लॉर्ड मेयोने तुरुंग, पोलीस, शिक्षण, दवाखाने, रस्ते ही खाती प्रांतांवर सोपवली. सोबत ठराविक रक्कम दिली, पण आधीच्या खर्चाहून कमी. उरलेली तोंडमिळवणी प्रांतांनी करावी! काम खाली उतरले, त्याबरोबर तोशीसही उतरली.

१९४८ साली निजामी संपली. पुढे महाराष्ट्र झाला आणि वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, गावरस्ते जिल्ह्याच्या हाती आले. तो खरोखरच सुदिन होता. पण पैसा बहुतांशी सरकारी अनुदानाचाच राहिला. १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय घटनेत नोंदले गेले. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ पासूनच्या पाच वर्षांसाठी गावांना निधी दिला, पण त्यातले शेकडा ६० पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिले.

हे बांधणे सर्वस्वी चूक म्हणता येणार नाही. मोकळा पैसा मिळाला की विहिरीआधी कमान उभारणारी गावेही असतात. पण मी शिक्षक आहे. एका पावसाळ्यात वर्गाचे पत्रे गळत होते. गावाच्या खात्यावर रक्कम होती, पण ती दुसऱ्या कामाच्या नावाची. मुले कोरड्या कोपऱ्यात दाटीने बसत.

शेवटी गावाने वर्गणी काढली, पत्रे बदलले. त्या दिवाळीत मुलांनी पहिली पणती शाळेच्या उंबऱ्यावर लावली. तो उजेड पाहताना मनात आले, आपले घर एवढे नीट सांभाळणाऱ्या माणसांच्या हाती किल्ली द्यायला अजून भ्यावे का?