ब्राऊनिंग पिस्तूल आणि 'शारदे'ची रात्र

देवलांच्या 'शारदा' नाटकाच्या असंख्य प्रयोगांपैकी एकच प्रयोग राजकीय इतिहासात जाऊन बसला. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळींनी तो लावला होता. बढतीवर मुंबईला निघालेले कलेक्टर आर्थर जॅक्सन यांच्या निरोपाचे निमित्त होते. प्रेक्षागारात शिरलेल्या जॅक्सनवर अनंत लक्ष्मण कान्हेरे या अठराच्या आसपास वय असलेल्या तरुणाने लागोपाठ गोळ्या झाडल्या. चरित्रकारांनी आणि पाठ्यपुस्तककारांनी हा प्रसंग वारंवार सांगितला आहे. मात्र 'पिस्तूल झाडले' एवढ्या दोन शब्दांत हत्याराचा विषय आटोपला जातो. त्या हत्याराची जात ओळखल्यावाचून हा प्रसंग नीट वाचता येत नाही, असे आमचे मत आहे.

अडचण काहीशी भाषेचीही आहे. 'काडतूस' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला आणि 'पिस्तूल' या एका शब्दात रिव्हॉल्व्हरपासून स्वयंचलित पिस्तुलापर्यंत सारे काही कोंबले. वस्तुतः दोहोंत मोठे अंतर आहे. त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या कमरेला असे ते वेब्ली रिव्हॉल्व्हर: फिरत्या चक्रात सहा काडतुसे, सुमारे १७ ग्रॅम शिशाची जाडजूड गोळी, आणि वजन किलोभर. ते दडवण्यासाठी नव्हतेच, दिसण्यासाठी होते. कान्हेऱ्यांच्या हाती होते ते ब्राऊनिंग, म्हणजे अगदी निराळ्या कुळातले.

जॉन मोझेस ब्राऊनिंग (१८५५–१९२६) हा अमेरिकेतील युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावचा बंदूककार. त्याचे पिस्तूल मात्र बेल्जियममधल्या लिएज शहरालगतच्या हर्स्टाल येथील फाब्रिक नास्योनाल या कारखान्याने काढले. १९०० साली बेल्जियमच्या सैन्याने ते आपल्या अधिकाऱ्यांसाठी स्वीकारले आणि पुढच्या दशकभरात त्याचे लाखो नग बाहेर पडले. फ्रेंच आणि रशियन भाषांत तर 'ब्राऊनिंग' हे पिस्तुलाचे सामान्यनामच होऊन बसले.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. चक्र नसल्यामुळे ते चपटे. सात काडतुसे मुठीतच उभ्या रांगेत बसतात. वजन सुमारे ६२५ ग्रॅम. गोळी सुटताच उलट धक्क्याने वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामे टरफल बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवे काडतूस नळीत ढकलतो. नेमणाऱ्याला दर वेळी फक्त चाप ओढायचा. शिवाय ही स्प्रिंग नळीच्या वर बसवलेली असल्याने नळी मुठीच्या जवळ, खालच्या बाजूला राहते; परिणामी धक्क्याने तोंड फारसे वर उसळत नाही आणि दुसरी गोळी नेमाजवळच जाते. नवशिक्या हाताला हे फार सोयीचे.

या सोयीची किंमत काडतुसाने मोजली आहे. ब्राऊनिंगने याच पिस्तुलासाठी घडवलेले काडतूस ७.६५ मिलिमीटरचे, अमेरिकेत त्यालाच पॉइंट ३२ म्हणतात. गोळी अवघी ४.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास. मागचा भाग कुलूपबंद न करता केवळ वजनावर आणि स्प्रिंगवर धक्का पेलायचा असेल तर काडतूस सौम्य ठेवणे भाग होते. वेब्लीच्या गोळीचा वेग हिच्यापेक्षा कमी असला तरी आघात पुष्कळ अधिक. म्हणूनच रणांगणासाठी ही गोळी दुबळी ठरली. १९०८ साली जर्मन सैन्याने पत्करले ते ९ मिलिमीटरचे अधिक जोरदार काडतूस. सैन्याला जे कमी पडले, ते कोटाच्या खिशाला मात्र पुरेसे होते. १९०४ साली हेलसिंकीत रशियाचा गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्ह याच पिस्तुलाने मारला गेला. २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिनच्या स्थानकात कोरियाच्या आन जुंग-गनने जपानच्या इतो हिरोबुमींवर हेच पिस्तूल झाडले. नाशिकची घटना त्यानंतर दोन महिन्यांच्या आतली.

नाशिकला ब्राऊनिंगे आली ती लंडनहून. वि. दा. सावरकरांनी इंडिया हाउसमधील आचारी चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस पिस्तुले १९०९ च्या आरंभी धाडली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने निःशस्त्र झालेल्या देशात ही मोठीच शिबंदी. वर सांगितलेल्या वजनाची वीस पिस्तुले म्हणजे साडेबारा किलो. तेवढीच वेब्ली एका पेटीच्या तळाशी कशी मावली असती? चपटेपणा हा येथे इतिहासाचा घटक ठरतो.

आणि दुबळेपणाही. अशी गोळी परिणामकारक व्हायची तर माणसाने माणसाजवळ जायला हवे. जिल्ह्याच्या कलेक्टराजवळ एखाद्या विद्यार्थ्याला कुठे जाता आले असते? कचेरीत नाही, बंगल्यावर नाही. नाट्यगृह हीच एक जागा अशी होती, जिथे तिकिटाच्या बळावर राज्यकर्ता आणि रयत एका छताखाली हातभर अंतरावर येत.

हा तरुण आमच्या मराठवाड्यात वाढलेला, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. शिक्षणासाठी तो औरंगाबादेस राहिला. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात. आमचे अंबाजोगाईही त्याच राज्यात, 'मोमिनाबाद' या नावाने. आपल्या मित्राच्या स्नेहावर त्याने 'मित्रप्रेम' नावाची छोटी कादंबरी लिहिली होती.

साहित्याच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारे पुढेच आहे. बाबाराव सावरकरांना जून १९०९ मध्ये जन्मठेप झाली ती छापलेल्या पद्यांसाठी, आणि तो खटला सेशन्सकडे धाडणारे दंडाधिकारी होते जॅक्सन. हे जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते. लोक त्यांना 'पंडित' म्हणत. कवितेवरून सुरू झालेले प्रकरण, कादंबरी लिहिणारा मारेकरी, पंडित बळी आणि स्थळ नाटकाचे. जॅक्सनची विद्वत्ता सांगितली की कान्हेऱ्यांचे बलिदान उणे होते, असे मानणारे आणि त्याच्या उलट मानणारे, दोन्ही पक्ष आम्हांला पटत नाहीत. ज्ञानाची आवड असलेला माणूस कवितेवरून माणसाला काळ्या पाण्याच्या वाटेवर ढकलणाऱ्या यंत्रणेचा भाग होऊ शकतो, हेच तर वसाहतीचे खरे दुखणे.

कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. चतुर्भुज माफीचा साक्षीदार झाला; ३० जानेवारी १९११ रोजी सावरकरांना दुसरी जन्मठेप सुनावली गेली ती जॅक्सनवधास साहाय्य केल्याबद्दल. जॅक्सन यांनी जमवलेली लोकसमजुतींची टिपणे एन्थोवेन यांनी संपादित करून १९१४ साली प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पॉइंट ३२ चे ते काडतूस अजूनही चालते: आपल्या सरकारी आयुध निर्माणीत परवानाधारकांसाठी बनणारे 'अशनी' पिस्तूल त्याच काडतुसावर चालते.