ऑलिव्ह मेफ्लायची तरंगती माशी

ट्राउट पकडण्यासाठी बारीक हुकावर पिसे, केस व दोरा यांनी बांधलेली कृत्रिम माशी. ऑलिव्ह रंगाच्या मेफ्लाय या कीटकाची ती नक्कल असून, पाण्यात न बुडता पृष्ठभागावर तरंगावी अशी तिची बांधणी असते. अशा तरंगत्या माशांना ‘ड्राय फ्लाय’ म्हणतात.

नक्कल केले जाणारे कीटक बहुतांशी बेटिस या प्रजातीतले. युरोपात बेटिस ऱ्होडानी, तर उत्तर अमेरिकेत बेटिस ट्रायकॉडेटस ही जाती विशेष आढळते. शरीराची लांबी साधारण 5 ते 10 मिमी., शेपट्या दोन, पंख राखाडी. पिल्लू नदीतळाच्या दगडांवर वाढते, पृष्ठभागावर येऊन कात टाकते आणि पंख उभे धरून प्रवाहाबरोबर वाहत जाते. या अवस्थेला ‘डन’ म्हणतात. पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटकांचा हा एकमेव गण आहे. दुसऱ्या कातीनंतरचा प्रौढ ‘स्पिनर’ काहीही खात नाही. समागम आणि अंडी घालणे उरकले की मरतो. ढगाळ, दमट, गार दिवशी डन पाण्यावर अधिक काळ रेंगाळतात, त्यामुळे झिमझिम पावसाची दुपार ही या माशीची खरी वेळ.

या नकलेचा इतिहास ब्रिटनच्या नद्यांवर घडला. 1854 मध्ये ट्वीड नदीवर कॅनन विल्यम ग्रीनवेल यांनी पाण्यावर दिसलेला कीटक स्प्राउस्टनच्या जेम्स राइट यांच्याकडून बांधून घेतला. ‘ग्रीनवेल्स ग्लोरी’ ही ती माशी. तिचे अंग पिवळ्या रेशमाचे. पण चांभारी मेणातून ओढताच रेशमाला नेमकी ऑलिव्ह छटा येते. ही माशी मुळात बुडती होती. तरंगत्या माशीचे शास्त्र रचले फ्रेडरिक हॅल्फर्ड (1844–1914) यांनी, दक्षिण इंग्लंडमधल्या टेस्टसारख्या चुनखडीच्या नितळ नद्यांवर. त्यांचा ‘फ्लोटिंग फ्लाइज अँड हाऊ टू ड्रेस देम’ हा ग्रंथ 1886 मध्ये निघाला. कीटकाच्या रंगाची हुबेहूब नक्कल हा त्यांचा आग्रह होता. त्यांनी पाठवलेले नमुने अमेरिकेत थिओडोर गॉर्डन यांनी कॅट्स्किल भागातल्या खळाळत्या नद्यांना साजेसे बदलून घेतले.

पारंपरिक बांधणीसाठी 16 ते 22 क्रमांकाचा हूक लागतो. क्रमांक वाढतो तसा हूक लहान होत जातो. हूक छोट्या व्हाइसमध्ये घट्ट धरून त्याच्या दांडीवर अतिशय बारीक दोरा गुंडाळतात. प्रथम पंख उभे करतात, मग शेपटीचे ताठ तंतू दोन बाजूंना फाकवून बांधतात. अंगासाठी मेण लावलेल्या दोऱ्यावर ऑलिव्ह लव चिमटीने वळतात किंवा मोरपिसाच्या डोळ्याजवळचा तंतू सोलून गुंडाळतात. या तंतूच्या फिक्या-गडद कडांमुळे अंगावरची वलये आपोआप उमटतात. शेवटी कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस पंखाच्या मागेपुढे उभे फिरवतात. याला हॅकल म्हणतात. त्याच्या तंतूंची लांबी हुकाच्या टोक व दांडी यांमधल्या अंतराच्या दीडपट असावी. हुकाच्या डोळ्यामागे थोडी जागा मोकळी राखणे हा या कामातला सर्वांत मोलाचा नियम: ती जागा भरून गेली की शेवटची गाठ बसत नाही आणि पुढे नदीकाठी डोळ्यात दोरीही ओवता येत नाही. एवढ्या लहान हुकावर साहित्य जितके कमी तितके चांगले. लवेचा एक जादा वेढाही कीटकाचे सडपातळ अंग बिघडवतो.

हॅकलवर उभी राहिलेली माशी खळाळात उत्तम चालते. मात्र संथ पाण्यात ट्राउट तिला न्याहाळून सोडून देतो. व्हिन्सेंट मॅरिनारो यांनी ‘अ मॉडर्न ड्राय-फ्लाय कोड’ (1950) आणि पुढील लेखनात हा प्रश्न माशाच्या नजरेतून मांडला. पाण्याखालून पाहणाऱ्या माशाला डोक्यावरच्या वर्तुळातूनच बाहेरचे दिसते, त्यापलीकडे पृष्ठभाग आरशासारखा असतो. त्या आरशात आधी माशीचे पाय व अंग पाण्यावर जिथे टेकले आहेत तेवढेच खळगे दिसतात, पंख त्यानंतर. म्हणून रंगापेक्षा माशी पाण्यावर कशी बसते हे निर्णायक ठरते, आणि इथे हॅल्फर्ड यांचा रंगाग्रह अपुरा पडतो. अल कॉची व बॉब नस्तासी यांच्या ‘कम्पॅराडन’मध्ये हॅकल नसतेच, हरणाचे केस अर्धवर्तुळात पंख्यासारखे उभारतात आणि अंग थेट पाण्यावर टेकते. क्रेग मॅथ्यूज व जॉन जुरासेक यांच्या ‘स्पार्कल डन’मध्ये शेपटीच्या जागी चकाकत्या कृत्रिम धाग्याची झुबकी असते: अर्धवट सुटलेली कातच ती. संकटात सापडलेला, उडू न शकणारा कीटक ट्राउटला सोपा घास वाटतो.

स्पिनरसाठी पंख दोन्ही बाजूंना आडवे, पाण्याला चिकटून बांधतात. बेटिसच्या अनेक जातींच्या माद्या मात्र दगड किंवा पाणवनस्पती धरून पाण्याखाली उतरतात आणि तिथेच अंडी घालतात; त्यामुळे संध्याकाळी तीच आडव्या पंखांची माशी तरंगवर्धक मेण न लावता बुडू देणेही उपयोगी ठरते.