बूच का टिकेना? वसईतली एक गाडी आणि वंगणाचा इतिहास

माझं पीएचडीचं काम वंगणाच्या पातळ थरांवर आहे. घरच्यांच्या भाषेत सांगायचं तर "ऑइलवर". त्यामुळे गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वसईला आले, तेव्हा शेजारच्या काकांनी हक्काने हाक मारली. "तू ऑइलवरच शिकतेस ना? मग आमच्या गाडीचं बघ जरा."

गाडी म्हणजे १९८०च्या दशकातली प्रीमियर ११८ एनई. मूळ इंजिन दमलं होतं, म्हणून काकांनी वालीवच्या एका गाळ्यात जिप्सीचं इंजिन बसवून घेतलं होतं. गाडी पळायची झकास. पण हायवेला लागताना वळण आलं की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा. आधी स्विच बदलला, मग नवा पंप टाकला. पैसे गेले, दिवा तसाच.

अशा वेळी आपण काय करतो? थेट दुरुस्तीला लागतो. पण संशोधनाला बसणाऱ्यांना पहिल्याच वर्षी सांगतात की आधी मागचं वाचा. म्हणून मी गाडीचा इतिहास काढला.

ही गाडी जन्मापासूनच परक्या इंजिनाची आहे. तिचं मूळ म्हणजे इटलीची १९६६ची फियाट १२४, इंजिन ११९७ सीसी. याच घराण्यात फियाटने दोन कॅमशाफ्टची स्पायडर ही स्पोर्ट्स कारही काढली. सोव्हिएत संघाने १९७० पासून हीच गाडी लाडा म्हणून बनवली, पण इंजिन स्वतःचं घातलं. स्पेनमध्ये सेआत कंपनी ती बनवत होती. तिथले साचे पुढे मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने घेतले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेली, पद्मिनी बनवणारी हीच ती कंपनी. १९८५ मध्ये तिने या बॉडीत निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन बसवलं. एनई म्हणजे निस्सान इंजिन.

वाहनांच्या इतिहासात ही गोष्ट "इंजिन बदललं" एवढ्या दोन शब्दांत संपते. ऑइलचं काय झालं, ते कोणी लिहीत नाही. खरं तर प्रत्येक इंजिन आपला पंप आणि आपलं ऑइल चेंबर घेऊन येतं. निस्सानच्या या इंजिनात पंप ब्लॉकच्या बाहेर, बाजूला असतो आणि फिल्टर त्याच्यावरच बसतो. जिप्सीच्या इंजिनात पंप पुढे, थेट क्रँकवर. चेंबरचा खोल भाग कुठे ठेवायचा, हे ज्या गाडीसाठी इंजिन बनलं तिच्या खालच्या जागेवरून ठरतं. काकांच्या गाडीत तो खोल भाग फियाटच्या क्रॉस मेंबरला आडवा येत होता. गाळ्यातल्या माणसाने चेंबर कापून उथळ करून जोडलं होतं. काकांना हे माहीतच नव्हतं!

इथे मला बोशां टॉवर आठवला. १८८३ची गोष्ट. लंडनच्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेने घर्षणावर प्रयोग करायला या इंजिनिअरला नेमलं होतं. फिरत्या दांड्यावर पितळी बेअरिंग, खाली ऑइलची टाकी. वरून ऑइल सोडायला त्याने बेअरिंगला अर्ध्या इंचाचं भोक पाडलं. यंत्र चालू केलं तर त्या भोकातून ऑइल उलटं वर येऊन सांडायला लागलं. त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकत निघाली.

दुसऱ्या कोणी आणखी मोठा हातोडा घेतला असता. टॉवरने त्या भोकाला प्रेशर गेज लावलं. बेअरिंगवरचा सरासरी भार होता दर चौरस इंचाला १०० पौंड. गेजचा काटा २०० च्या पुढे गेला. म्हणजे दांडा पितळेला टेकलेलाच नव्हता. ऑइलचा पातळ थर सगळा भार तोलून धरत होता आणि तो दाब दांड्याच्या फिरण्यातूनच तयार होत होता. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. आज आम्ही प्रयोगशाळेत तेच समीकरण सोडवतो.

लाल दिव्याचंही त्या खुंटीसारखंच आहे. दाब ठरावीक मर्यादेखाली गेला, एवढंच तो सांगतो. किती गेला, कधी गेला, ते नाही. म्हणून मेस्त्रींना सांगून साधं प्रेशर गेज लावलं आणि मी वही घेऊन शेजारच्या सीटवर बसले. इंजिन थंड, इंजिन गरम, सरळ रस्ता, डावं वळण, उजवं वळण, ब्रेक. दोन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. गरम इंजिन जागेवर उभं असतानाही दाब ठीक. लांब डाव्या वळणावर आणि जोरात ब्रेक मारल्यावर मात्र काटा शून्यावर.

पंप खराब असता किंवा बेअरिंग फार झिजलं असतं, तर गरम, पातळ झालेल्या ऑइलवर दाब कायमच कमी दिसला असता. मेस्त्री हसले. "पंप काय करणार, ताई? त्याला प्यायला ऑइलच नाही." उथळ चेंबरमध्ये ऑइल एका बाजूला पळत होतं आणि पंपाची जाळी हवा ओढत होती.

चेंबर उतरवलं. बाजूंना पत्रा वाढवून ऑइलला जागा केली, आत आडवे पडदे वेल्ड केले, जाळी खोल भागात आणली. रात्रभर रॉकेल भरून गळती तपासली. ऑइल मोजून ओतत डिपस्टिकवर नवी खूण केली. एक बेअरिंग उघडून पाहिलं तर वरचा थर जाऊन तांबं दिसत होतं. सगळी बेअरिंग बदलली. आणखी काही महिने अशीच चालवली असती तर क्रँकच गेला असता.

आता कबुली. माझ्या प्रयोगातही सिरिंज भरली की रीडिंग उसळायचं आणि मी ते नॉइज म्हणून काढून टाकायचे. सुट्टीवरून परतल्यावर काढलेली रीडिंग वेळेप्रमाणे मांडली, तर ती प्रत्येक वेळी नळीत हवा शिरल्यानंतरचीच निघाली. तीन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. गाइडना सांगताना लाज वाटली, पण थीसिस वाचला.

तुम्ही दुसऱ्याची पद्धत किंवा मॉडेल उचलून आपल्या प्रयोगात बसवणार असाल, तर ते मुळात कोणत्या "गाडीसाठी" बनलं होतं ते आधी बघा. आणि जे बूच पुन्हा पुन्हा निघतंय, ते ठोकण्याआधी एकदा तिथे गेज लावा.