बंगळूरची अनवाणी पावले

मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. पुढील पंचेचाळीस वर्षांत एकाही हिंदी संघाला तो चषक जिंकता आला नाही. गोऱ्या पलटणींनी तो आपसांतच फिरवावा, असा जणू रिवाजच पडून गेला होता. १९३७ साली हा रिवाज मोडला तो बंगळूर मुस्लिम्स या संघाने; आणि हे यश केवळ दैवयोगाचे नाही हे दाखविण्यासाठीच की काय, १९३८ सालीही त्याने तो चषक पुन्हा जिंकला. त्या काळचे बहुसंख्य हिंदी खेळाडू अनवाणीच खेळत. फार तर घोट्याभोवती एखादी पट्टी गुंडाळलेली असे. समोर खिळे मारलेले कातडी बूट आणि इकडे उघडे पाऊल, असा तो विषम सामना असे.

मराठी माणसाच्या मनात बंगळूर म्हटले की शहाजीराजांची जहागीर उभी राहते. परंतु फुटबॉलचे बंगळूर त्या जुन्या पेठेतले नव्हे. ते छावणीचे बंगळूर होय. १८०९ साली इंग्रजांनी पेठेच्या पूर्वेस लष्करी ठाणे वसविले. त्याच्या आश्रयाने शिपाई, स्वयंपाकी, मोतद्दार, धोबी, कारागीर अशा नाना लोकांच्या वस्त्या हलसूरच्या बाजूस उभ्या राहिल्या. शिपायांचा खेळ या वस्त्यांतील मुलांनी कडेला उभे राहून पाहिला आणि मग आपल्या गल्लीत तो आपल्या पद्धतीने खेळावयास घेतला. बुटांचा प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता. ज्या घरात सणासुदीलाही वहाण मिळण्याची पंचाईत, त्या घरातील मूल खेळासाठी बूट कोठून आणणार? परंतु या अभावातूनच एक कौशल्य जन्मास आले. उघड्या तळव्याला चेंडूची गती, त्याची फिरकी आणि जमिनीचा उंचसखलपणा थेट कळतो. पायाची बोटे चेंडूला हाताच्या बोटांसारखी खेळवितात. १९२६ साली बंगळुरात जन्मलेला अहमद खान हा या विद्येचा सर्वांत नामांकित वारस. पुढे कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल संघात ज्या पाच जणांना लोक ‘पंचपांडव’ म्हणत, त्यांतला तो एक होता.

३१ जुलै १९४८ रोजी लंडनच्या ईलफर्ड उपनगरात स्वतंत्र भारताचा संघ ऑलिंपिक सामन्यासाठी फ्रान्सपुढे उभा राहिला, तेव्हा त्यातील बहुतेकांच्या पायांत बूट नव्हते. म्हैसूरकडून खेळणाऱ्या रामनने बरोबरी साधली. भारताला दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. अखेरीस फ्रान्सने २-१ असा सामना जिंकला. पराभव झाला खरा, परंतु इंग्रज प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली ती अनवाणी पावलेच. १९५० च्या विश्वचषकास भारत गेला नाही तो अनवाणी खेळण्यास बंदी झाली म्हणून, असे अजूनही आवडीने सांगितले जाते. ही कथा रम्य असली तरी तिच्यावर फारसा भरवसा ठेवण्याचे कारण नाही. दूरचा प्रवास, अपुरी तयारी आणि ऑलिंपिकपुढे विश्वचषकाला दिले गेलेले गौण स्थान, ही कारणे अधिक खरी आहेत.

बूट घातलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे तासदीड तास टिकणारे हे पाऊल घडले तरी कसे? या प्रश्नाचा शोध मैदानाबाहेर पूर्वीच सुरू झाला होता. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुई येथे एक जागतिक प्रदर्शन भरले होते. त्यात फिलिपिन्समधील आणि मध्य आफ्रिकेतील माणसे चक्क ‘प्रदर्शित’ केली गेली होती. माणसांना वस्तूंसारखे मांडण्याच्या या लाजिरवाण्या प्रकारातून एक उपयुक्त निबंध मात्र निघाला. फिल हॉफमन या शल्यचिकित्सकाने त्या लोकांची पावले तपासून १९०५ साली असे दाखविले की, जन्मतः सर्वांचे पाऊल सारखेच असते. पुढे जोडा त्याला आपल्या आकारात कोंबतो, बोटे एकमेकांवर चेपतो आणि अंगठा आत वळवितो. कधीही जोडा न घातलेल्या पायाची बोटे पंख्यासारखी पसरलेली राहतात.

या विषयातील अधिक वजनदार पुरावा कर्नाटकातच मिळाला. मणिपालच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. राव आणि डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेऊन १९९२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जोडा वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण शेकडा ८.६ होते; अनवाणी वाढणाऱ्या मुलांत ते शेकडा २.८ च होते. बोटे झाकणाऱ्या बंद बुटांचा दोष सर्वांत अधिक आढळला, साध्या चपलेचा त्याहून कमी. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रौढांच्या पाहणीतही हेच दिसले की, वयाच्या सहाव्या वर्षाच्या आत ज्यांना जोडा चढविला गेला, त्यांच्यात सपाट तळवे अधिक होते. कारण समजण्यास कठीण नाही. तळव्याची कमान हाडांवर जितकी अवलंबून असते तितकीच ती स्नायूंवर आणि स्नायुबंधांवरही असते. खडे, माती, चढउतार यांना उत्तर देत देत हे स्नायू बळावतात. बंद बुटात त्यांना कामच उरत नाही. हलसूरच्या गल्लीतील मुलांचे पाय याच व्यायामावर घडले होते.

परंतु येथेच थांबून अनवाणी चालण्याची आरती ओवाळणे हा अन्याय ठरेल. या देशात कोट्यवधी माणसे अनवाणी राहिली ती प्रकृतीच्या हितासाठी नव्हे. कित्येक गावांत वरिष्ठ जातींच्या आळीतून जाताना दलितांना पायातील वहाण काढून हाती घ्यावी लागे. आणि ज्यांच्या हातांनी गावाचे जोडे शिवले, त्यांनाच ते घालण्याची मुभा नसे. उघड्या पायातून रोगही आत शिरले. अंकुशकृमीची अळी ओलसर, मलदूषित मातीत वाढते, बोटांच्या बेचक्यातील कातडी भेदून शरीरात प्रवेश करते, रक्ताबरोबर फुप्फुसात आणि तेथून घशावाटे आतड्यात जाऊन रक्त शोषीत राहते. कैरोत काम करणाऱ्या आर्थर लूस या शास्त्रज्ञाच्या हातावर अशा अळ्यांचे पाणी सांडले, तेव्हा हा मार्ग त्याच्या ध्यानी आला. मळ्यांतील मजुरांचा जो फिकटपणा ‘आळस’ म्हणून हिणविला जाई, त्याचे मूळ पुष्कळदा या कृमीत असे. शेतकऱ्याच्या पायात काटा मोडावा आणि त्या जखमेतून बुरशी शिरून पाऊल वर्षानुवर्षे सुजत, पाझरत राहावे, असा ‘मदुरा पाय’ नावाचा एक विकार आहे. त्याचे बुरशीजन्य स्वरूप मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील हेन्री कार्टर यांनी उलगडले आणि १८७४ साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ग्रे यांच्या प्रसिद्ध शरीररचनाशास्त्राची चित्रे काढणारे कार्टर ते हेच. धनुर्वाताची गोष्ट तर सर्वांनाच ठाऊक आहे.

खेळातही अनवाणी पावलांचे दिवस सरत आले होते. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळविले. परंतु पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या गारठ्यात युगोस्लाव्हियाने १०-१ असा दारुण पराभव केला. तो एकुलता एक गोल अहमद खानचा होता. यानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. चार वर्षांनी मेलबर्नला बूट घातलेला भारतीय संघ चौथा आला. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. बुटांमुळे कौशल्य नष्ट होईल ही भीती निदान त्या पिढीपुरती तरी खोटी ठरली.

ज्या काळात गरीब माणूस जोड्यासाठी धडपडत होता, त्याच काळात सुखवस्तू युरोप तो काढून ठेवण्याची शिकवण घेत होता, हा एक चमत्कारिक योग होय. बव्हेरियातील सेबास्टियन क्नाइप या धर्मगुरूने १८८६ साली जलोपचारावर ग्रंथ लिहिला. दवाने भिजलेल्या गवतावर अनवाणी चालावे, असा उपदेश तो करी. त्याच्यामागून आलेल्या अॅडॉल्फ यूस्टच्या ‘निसर्गाकडे परत’ या पुस्तकाचा गांधीजींवर परिणाम झाला. मातीच्या पट्ट्यांचे प्रयोग त्यांनी त्यावरूनच आरंभिले, आणि १९४६ साली पुण्याजवळ उरुळीकांचनला त्यांनी निसर्गोपचार केंद्र सुरू केले.

आज बंगळूरच्या कब्बन उद्यानात किंवा लालबागेत पहाटे फिरावयास येणारी काही मंडळी महागडे बूट हातात धरून हिरवळीवर चालताना दिसतात. पृथ्वीच्या स्पर्शाने शरीरात विद्युत्कण उतरतात, त्यामुळे दाह शमतो आणि झोप गाढ लागते, अशी यातील अनेकांची श्रद्धा असते. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या देहाचा विद्युत्दाब जमिनीइतका होतो, एवढे पदार्थविज्ञानाला मान्य आहे. त्यापुढील दाव्यांसाठी झालेले प्रयोग मात्र थोड्याथोडक्या माणसांवरचे आहेत, आणि त्यांतील काहींशी अशा चटया विकणाऱ्यांचे लागेबांधे आहेत. त्या मंडळींना जे बरे वाटते ते खोटे नव्हे. परंतु सकाळची हवा, चालणे, झाडांची सोबत आणि तळव्याला झालेला दवाचा स्पर्श यांतून विजेचा वाटा वेगळा काढून दाखविणे अजून कोणास साधलेले नाही.

तळव्याच्या स्पर्शज्ञानाचे मोल मात्र बंगळूरपासून रेल्वेने काही तासांवर असलेल्या वेल्लोरला निराळ्याच रीतीने कळून आले. १९४६ साली तेथे आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांना असे आढळले की, कुष्ठरोग्यांची पावले झडतात ती मांस कुजल्यामुळे नव्हे. संवेदना गेल्यामुळे खडा रुतला, फोड आला, खिळा घुसला तरी त्यांना कळत नाही, आणि ते त्याच पावलावर चालत राहतात. अशा पायांसाठी तेथे मऊ, सच्छिद्र रबराच्या वहाणा तयार करण्यात आल्या. मधुमेहाने ज्यांचे तळवे बधिर झाले आहेत, त्यांनाही आज डॉक्टर घरातसुद्धा अनवाणी वावरण्यास मनाई करतात आणि तशाच मऊ वहाणा वापरावयास सांगतात.