ऋण आयन आणि खेळाडूचा दम: एका गृहीतकाचा इतिहास

संशोधनाचा विषय शोधताना कधीकधी एखादं गृहीतक आपल्याला इतकं आवडतं की ते खरंच असावं असं वाटायला लागतं. आज अशाच एका गृहीतकाचा इतिहास बघू. प्रश्न साधा आहे: हवेतले ऋण आयन व्यायाम करणाऱ्या शरीराला मदत करतात का? आयनायझरच्या जाहिराती 'हो' म्हणतात. प्रयोगशाळेतलं उत्तर मात्र इतकं सरळ नाही.

आधी आयन म्हणजे काय ते पाहू. हवेच्या रेणूतून इलेक्ट्रॉन निघून गेला की मागे उरतो तो धन आयन. तोच इलेक्ट्रॉन दुसऱ्या रेणूला चिकटला की झाला ऋण आयन. जमिनीतला किरणोत्सार आणि वैश्विक किरण हे काम सतत करत असतात. हवेत असे आयन असतात हे १८९९ च्या सुमारास एल्स्टर आणि गायटल या दोन जर्मन शिक्षकांनी दाखवलं. स्वच्छ मोकळ्या हवेत एका घन सेंटिमीटरमध्ये ते काहीशे ते हजारभर असतात. तेवढ्याच जागेत हवेचे रेणू किती? पंचविसावर अठरा शून्यं! मग इतके थोडे आयन शरीरावर परिणाम करणार तरी कोणत्या मार्गाने?

रशियात अलेक्झांडर चिझेव्हस्की यांनी १९१९ च्या सुमारास उंदरांवर प्रयोग सुरू केले. ऋण आयन उपकारक आणि धन आयन अपायकारक, ही मांडणी त्यांनी जोरकसपणे केली. १९४२ मध्ये त्यांना अटक झाली, पुढची आठ वर्षं कैदेत गेली. पण कल्पना टिकली. पुढे ए. ए. मिंख या सोव्हिएत आरोग्यशास्त्रज्ञांनी ती खेळाडूंपर्यंत नेली. रोज काही वेळ आयनयुक्त हवा घेतलेल्या खेळाडूंची कार्यक्षमता वाढते, असा निष्कर्ष त्यांनी १९६० च्या आसपास मांडला.

इथे जरा थांबा आणि परीक्षक म्हणून विचार करा. दमेपर्यंत काम करायला सांगितलं, तर माणूस कधी थांबतो? स्नायू थकल्यावर, हे खरंच. पण मनाने 'बास' म्हटल्यावरही थांबतो. आपल्याला काहीतरी खास मिळतंय हे माहीत असेल, तर तो आणखी थोडा वेळ रेटतो. शिवाय जुनी यंत्रं ओझोन सोडायची. त्याच्या वासावरून यंत्र चालू आहे हे कळायचं, आणि ओझोनचा स्वतःचा परिणाम असतो तो वेगळाच.

मार्गाचा प्रश्न अमेरिकेत बर्कलीचे जीवाणुशास्त्रज्ञ अल्बर्ट क्रूगर यांनी हाती घेतला. ऋण आयनांमुळे सेरोटोनिन कमी होतं, असं त्यांचं म्हणणं. आता मनाच्या जोरावर सहज न बदलणारी, रक्तात मोजता येईल अशी गोष्ट मिळाली होती.

१९८२ मध्ये इस्रायलमधल्या इन्बार आणि सहकाऱ्यांनी तरुण पुरुषांना सुमारे ४० अंश सेल्सिअसच्या उष्णतेत सायकल-अर्गोमीटरवर व्यायाम करायला लावला. ऋण आयनांच्या हवेत हृदयगती आणि शरीराचं तापमान कमी राहिलं, असं त्यांना दिसलं. १९९८ मध्ये जपानमधल्या र्‍यूशी आणि सहकाऱ्यांनी दहा पुरुषांना तासभर मध्यम व्यायाम दिला. एकदा हवेत घन सेंटिमीटरला ८,००० ते १०,००० ऋण आयन, एकदा २०० ते ४००. विश्रांतीच्या काळात आयनयुक्त हवेत डायस्टोलिक रक्तदाब कमी होता आणि सेरोटोनिनही कमी. म्हणजे क्रूगर बरोबर होते? मोह होतोच. पण माणसं दहाच, आणि मोजलेल्या गोष्टी अनेक. अशा वेळी एखाददुसरा फरक योगायोगानेही 'लक्षणीय' ठरू शकतो.

मग २०१४ मध्ये निमरिश्टर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. तो डबल-ब्लाइंड होता: आयन चालू की बंद, हे सहभागींना ठाऊक नव्हतं आणि मोजणाऱ्यांनाही नव्हतं. क्रमही यादृच्छिक. ऑक्सिजन वापराचा वेग, व्यायामानंतरची पूर्वस्थिती, कामगिरी, कशातही लक्षणीय फरक सापडला नाही.

यावरून 'आधीचे सगळे चुकले' असं लिहू नका. उष्णतेतला व्यायाम आणि साध्या तापमानातला व्यायाम हे वेगळे प्रश्न आहेत, आणि एका अभ्यासाने सगळ्या मात्रा तपासून होत नाहीत. पण उत्सुकतेने सुरू झालेला दावा कडक चाचणीत बारीक होत गेला, हे मान्य करावंच लागतं.

तुमच्या साहित्य-आढाव्यात निष्कर्षांची नुसती यादी करू नका. प्रत्येक अभ्यासापुढे तीन रकाने आखा: सहभागींना काय माहीत होतं, आयनांची मात्रा किती होती, आणि ओझोन मोजला होता का. रकाने भरताना जिथे हात थांबेल, तिथे कदाचित तुमचा संशोधन-प्रश्न सापडेल. आणि उद्या तुमच्याच प्रयोगात 'फरक नाही' असं आलं, तर तो प्रबंध कपाटात ठेवू नका. आधीच्यांनी तसं केलं असतं, तर आज हा इतिहास अर्धाच वाचायला मिळाला असता.