पेशी येते कुठून?

पेशी-सिद्धांत कोणी मांडला, असे वर्गात विचारले तर उत्तर लगेच येते : श्लायडेन आणि श्वान, १८३८-३९. सिद्धांताची तीन कलमेही मुलांना पाठ असतात. सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात, पेशी हा सजीवाच्या रचनेचा व कार्याचा मूलभूत घटक आहे आणि नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच तयार होते. यातले तिसरे कलम श्लायडेन आणि श्वान यांनी मांडलेलेच नव्हते. त्यांचे म्हणणे जवळजवळ उलट होते. मग ते आले कुठून? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक असे नाव पुढे येते, जे पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटते.

सुरुवात अर्थातच रॉबर्ट हूकपासून. बुचाच्या पातळ कापात हूकला जे दिसले, ते १६६५ साली 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात छापले गेले. एका इंचात किती कोठड्या मावतात हे मोजून, एका घन इंचात त्या सुमारे १२६ कोटी भरतील असा हिशेब त्याने मांडला. पण बूच हे मृत ऊतक. हूकने पाहिल्या त्या रिकाम्या खोल्यांच्या भिंती. खोलीत राहणारा केव्हाच निघून गेला होता! त्यामुळे पुढची दीडशेहून अधिक वर्षे 'सेल' या शब्दाने भिंतीच डोळ्यांपुढे येत राहिल्या. १८३१ साली रॉबर्ट ब्राउनने ऑर्किडच्या पेशींत केंद्रकाकडे लक्ष वेधले आणि नजर भिंतीकडून आतल्या द्रव्याकडे वळू लागली.

श्लायडेनने वनस्पतींच्या पेशींत या केंद्रकाला मुख्य स्थान दिले. श्वानने त्याहून अवघड काम केले. प्राण्यांच्या पेशींना जाड भित्तिका नसते आणि त्या एकमेकींसारख्या तर मुळीच दिसत नाहीत. कूर्चा, नख, पीस, दात, स्नायू, मज्जातंतू यांच्यात साम्य ते कोणते? श्वानने या ऊतींची वाढ अगदी सुरुवातीपासून तपासली आणि त्या सगळ्या मुळात केंद्रक असलेल्या पेशींच्याच बनतात, हे दाखवून दिले. पेशींच्या विशेषीकरणाची कल्पना इथे प्रथम स्पष्टपणे हाती आली, असे म्हणायला हरकत नाही.

पण नवी पेशी कशी बनते? श्लायडेनच्या मते पेशीतल्या कणमय द्रवात आधी केंद्रक साकळते आणि मग घड्याळावर काच बसावी तसा त्यावर फुगा धरून नवी पेशी होते. श्वान आणखी पुढे गेला. पेशींच्या बाहेरच्या द्रवातही, पाकात खडीसाखरेचे खडे धरावेत तशा पेशी धरतात, असे त्याचे मत होते. आज हे वाचून हसू येईल. पण श्वानचा हेतू समजून घ्यायला हवा. सजीवाची घडण कुठल्याशा गूढ 'जीवनशक्ती'ने नव्हे, तर स्फटिकांप्रमाणे निसर्गनियमांनीच होते, हे त्याला दाखवायचे होते. दिशा योग्य होती, निरीक्षण चुकले होते. शेवाळाच्या धाग्यांत पेशी दुभंगताना द्यूमॉर्तिए आणि फॉन मोल यांनी १८३०च्या दशकातच पाहिल्या होत्या. पण तो सर्वांना लागू होणारा नियम आहे, असे म्हणायला कोणी तयार नव्हते.

ते धाडस केले रॉबर्ट रेमाकने. पोझनान इथे १८१५ साली ज्यू कुटुंबात जन्मलेला रेमाक बर्लिनमध्ये, श्वानप्रमाणेच योहानेस म्युलरच्या हाताखाली शिकला. प्रशियात त्या काळी ज्यूंना विद्यापीठात शिकवण्याची मुभा नव्हती. बाप्तिस्मा घेतला की वाट मोकळी होत असे. रेमाकने तो घेतला नाही. वैद्यकी करून पोट भरायचे आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, असे त्याचे चालले होते.

१८४१ साली कोंबडीच्या भ्रूणाच्या रक्तात त्याला तांबड्या पेशी दुभंगताना दिसल्या. (कोंबडीच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते, हे इथे ध्यानात घ्यावे. आपल्या रक्तातल्या पक्व तांबड्या पेशींत ते नसते.) एवढ्यावरून त्याने नियम सांगितला नाही. पुढची दहा वर्षे तो कोंबडीचे भ्रूण आणि बेडकाची अंडी तपासत राहिला. दुभंगणाऱ्या पेशींभोवतीचे पटल नीट दिसावे म्हणून रसायनांनी अंडी कडक करण्याची युक्ती त्याने वापरली. बेडकाचे अंडे म्हणजे एकच पेशी. तिचे दोन, दोनाचे चार असे भाग होत जातात आणि यांतून पुढे सर्व ऊती बनतात. १८५२ साली त्याने स्पष्ट लिहिले : पेशी पेशीच्या विभाजनानेच होते, बाहेरच्या द्रवातून नाही. रोगट गाठींतल्या पेशीही याला अपवाद नाहीत.

भ्रूणात बाह्यस्तर, मध्यस्तर आणि अंतःस्तर असे तीन थर असतात, ही मांडणीही त्याचीच. बाहेरच्या थरापासून त्वचा व चेतासंस्था, मधल्यापासून स्नायू, हाडे, रक्त, तर आतल्यापासून अन्नमार्गाचे अस्तर. म्हणजे विभाजन आणि विशेषीकरण हे दोन वेगळे धडे नव्हेतच. वर्गात मात्र आपण ते वेगवेगळ्या दिवशी शिकवतो.

१८५५ साली रुडॉल्फ फिरकोने याच विचाराला एका लॅटिन वाक्याचे रूप दिले, 'प्रत्येक पेशी पेशीपासून'. या लेखात रेमाकचे नाव नव्हते. स्वतः फिरको काही वर्षांपूर्वीपर्यंत बाहेरच्या द्रवातून पेशी बनतात असेच मानत होता. त्याचे काम लहान होते असे नाही. रोगाचे मूळ पेशीत शोधायचे, ही दृष्टी त्याने वैद्यकाला दिली. पण त्याचे वाक्य गाजले आणि ज्याने त्यामागचा पुरावा गोळा केला तो मागे पडला. रेमाकला १८४७ साली राजाच्या खास परवानगीने बर्लिन विद्यापीठात व्याख्याता होता आले, १८५९ साली दुय्यम दर्जाचे प्राध्यापकपद मिळाले. पूर्ण प्राध्यापक तो कधीच झाला नाही. १८६५ साली, पन्नाशीत, तो वारला.

कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवताना आपण मुलांना हूकचीच गोष्ट सांगतो, कारण तिथे कोठड्याच दिसतात. रेमाकची गोष्ट सांगायची तर कांदा तीन-चार दिवस पाण्यावर ठेवून त्याच्या मुळांची टोके पाहायला हवीत. तिथल्या काही पेशी विभाजनाच्या मधल्या अवस्थेत सापडतात.

एक प्रश्न मात्र रेमाकच्या काळात सुटण्यासारखा नव्हता. माणसाच्या शरीरात अदमासे ३० लाख कोटी पेशी असतात आणि त्या सर्व एकाच पेशीच्या वंशज. मग एक स्नायूची आणि दुसरी आतड्याची का होते? वाटणी होताना प्रत्येकीला निरनिराळे साहित्य मिळते, की सर्वांना सगळे मिळून त्यातले थोडेच वापरले जाते? १८८२पर्यंत वाल्टर फ्लेमिंगने विभाजनाच्या वेळी केंद्रकातले धागे उभे चिरून दोन्हीकडे सारखे वाटले जातात हे दाखवले होते. म्हणजे वाटणी सारखी असावी. पण विशेष काम पत्करलेली पेशी उरलेले साहित्य पुढे टाकून तर देत नसेल? याची कसोटी जॉन गर्डनने घेतली, आणि तीही बेडकाच्याच अंड्यावर. टॅडपोलच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक काढून त्याने ते अंड्यात घातले. अंड्याचे स्वतःचे केंद्रक आधी किरणांनी निकामी केले होते. बहुतेक अंडी वाया गेली. पण १९६२ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही थोड्या अंड्यांतून सर्वसामान्य टॅडपोल तयार झाले. त्यांना डोळे होते, हृदय होते, पोहण्याचे स्नायू होते आणि हे सारे आतड्याच्या एका पेशीतल्या केंद्रकातून आले होते.