पावित्र्य, न्याय आणि क्षमा : दक्षिण आफ्रिकेतील एका पंगतीचा इतिहास

मराठीत 'पवित्र' हा शब्द उच्चारला की पाठोपाठ 'विटाळ' येतोच. देवळाचा गाभारा पवित्र, म्हणून महारामांगांची सावली अपवित्र. तळ्याचे पाणी पवित्र, म्हणून त्याला शिवणारा हात दोषी. बायबल मराठीत उतरविणाऱ्यांनी देवाचे स्वरूप सांगण्यासाठी हाच शब्द घेतला. दुसरा होता कुठे? त्यामुळे 'देव पवित्र आहे' हे ख्रिस्ती विधान आपल्या कानावर पडते तेव्हा त्याला गाभाऱ्याचाच वास येतो. ही शंका अगदीच निराधार नाही. मूळ हिब्रू शब्दालाही 'वेगळा काढलेला' असा अर्थ आहे. मग हे पावित्र्य आणि आपल्याकडचे सोवळे यांत फरक तो काय?

फरक आहे, आणि तो संदेष्ट्यांनी केला. यशयाला मंदिरात देवाच्या पावित्र्याचे दर्शन घडले तेव्हा त्याने दुसऱ्याकडे बोट दाखविले नाही. आपलेच ओठ अशुद्ध आहेत, असे तो ओरडला. पावित्र्याचा पहिला निवाडा दर्शन घेणाऱ्यावरच झाला. आमोस तर मेंढरे राखणारा आणि उंबराच्या झाडांची निगा करणारा माणूस. गरिबाला पायताणाच्या जोडासाठी विकणाऱ्यांचे सण आणि भजने देवाला नकोशी झाली आहेत, असे त्याने सुनावले. येशूने कुष्ठरोग्याला हात लावला तेव्हा विटाळाची वाटच उलटी झाली. शिवणारा बाटला नाही, ज्याला शिवले तो शुद्ध झाला.

आणि क्षमा? लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट आहे. येशू आपण होऊन त्याच्या घरी उतरतो. आधी कबुलीजबाब मागत नाही. पण जक्कय उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे बोलतो, तेव्हा त्या घराला तारण मिळाल्याचे येशू सांगतो. क्षमा आधी चालून आली हे खरे. पण ती आली आणि तिजोरी बंदच राहिली, असे त्या गोष्टीत घडलेले नाही.

हे झाले ग्रंथातले. धर्माची परीक्षा ग्रंथात होत नाही, पंगतीत होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ख्रिस्ती धर्माची पंगत म्हणजे प्रभुभोजन : एक भाकर, एक पेला. या पंगतीचे वर्णवर्चस्वाने काय केले हे पाहायचे तर दक्षिण आफ्रिकेकडे वळले पाहिजे.

1652 साली डच ईस्ट इंडिया कंपनीने केपला ठाणे वसविले आणि कंपनीबरोबर डच रिफॉर्म्ड चर्चही आले. पुढे गुलाम आणले गेले. त्यांतले काही बाप्तिस्मा घेऊ लागले. बाप्तिस्मा झालेला गुलाम मालकाच्या पेल्याला ओठ लावणार का, हा प्रश्न टळणारा नव्हता. 1829 साली तो सॉमरसेट वेस्ट येथून धर्मसभेपुढे आला. सभेने निःसंदिग्ध निकाल दिला : रंग किंवा कूळ न पाहता प्रभुभोजन सर्वांना एकत्रच दिले जावे. म्हणजे शास्त्र काय सांगते हे त्यांना ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

अठ्ठावीस वर्षांनी, 1857 साली, त्याच चर्चच्या सभेने दुसरा ठराव केला. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना चालू मंडळ्यांतच सामावून घेणे इष्ट आणि शास्त्राला धरून आहे, हे त्यात पुन्हा मान्य केले गेले. मात्र काही जणांच्या दुबळेपणामुळे हे जेथे कार्याच्या आड येईल तेथे या लोकांनी वेगळ्या इमारतीत उपासना करावी, अशी पुस्ती जोडली.

'दुबळेपणा' या शब्दापाशी वाचकाने थोडे थांबावे. हा शब्द पौलाच्या पत्रांतला आहे. मूर्तीपुढे ठेवलेले मांस खाण्याने ज्यांच्या मनाला टोचणी लागे, अशा विश्वासात कच्च्या असलेल्या माणसांना पौल दुबळे म्हणतो आणि बलवानांनी त्यांना सांभाळून घ्यावे असे सांगतो. 1857 मध्ये दुबळे कोण ठरले? 1834 पर्यंत ज्यांच्या मालकीची माणसे होती, ज्यांच्या ताब्यात जमीन, गुरे आणि बंदुका होत्या, ते! आणि त्यांना सांभाळून घ्यायचे कोणी? ज्यांच्या पाठीवरचे वळ अजून बुजले नव्हते त्यांनी. जुलमी माणसाच्या मनाला बसणारा धक्का हीच धर्मापुढची खरी अडचण मानायची, ही युक्ती आपल्याला अनोळखी नाही. 'लोकांची मने अजून तयार झालेली नाहीत' हे वाक्य आपल्या गावकुसाबाहेर कितीदा ऐकू आले आहे!

पुढचा इतिहास ओघानेच येतो. 1881 साली मिश्रवर्णीयांसाठी स्वतंत्र मिशन चर्च निघाले. काळ्या आफ्रिकनांसाठी आणखी वेगळे. सवलत म्हणून सुरू झालेली गोष्ट रीत झाली, रीतीचे तत्त्व झाले. 1948 साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली तेव्हा तिचे पंतप्रधान डी. एफ. मलान हे स्वतः या चर्चचे जुने पाळक होते. अपार्टहाइट या शब्दाचा अर्थच वेगळेपणा. 1974 साली गोऱ्या चर्चने वंश आणि राष्ट्र या विषयावर अहवाल काढला आणि बाबेलच्या बुरुजाच्या कथेत वेगवेगळ्या लोकसमूहांच्या वेगळ्या वाढीला आधार शोधला. देवाचे वेगळेपण चोरून ते कातडीला चिकटविले गेले. बेयर्स नॉदे यांच्यासारखा एखादा गोरा पाळक 1963 मध्ये व्यासपीठ सोडून बाहेर पडला. त्याच्यावर 1977 साली सरकारने बंदीहुकूम बजावला.

या व्यवस्थेवर धर्माच्याच भाषेत निवाडा सुनावला तो पंगतीबाहेर बसविलेल्यांनी. 1982 च्या ऑगस्टमध्ये ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चांची जागतिक परिषद भरली. तिथे दक्षिण आफ्रिकेच्या काही प्रतिनिधींनी प्रभुभोजन घ्यायला नकार दिला. घरी ज्यांच्याबरोबर बसता येत नाही त्यांच्याबरोबर परदेशात बसण्याचा देखावा त्यांना नको होता. परिषदेने अपार्टहाइटचे धार्मिक समर्थन पाखंड ठरविले, गोऱ्या चर्चचे सदस्यत्व स्थगित केले आणि मिशन चर्चचे ॲलन बूसाक यांना अध्यक्ष निवडले. एखादे धोरण चुकीचे आहे असे म्हणणे वेगळे आणि ते पाखंड आहे असे म्हणणे वेगळे. पहिल्यात चर्चेला जागा असते. दुसऱ्यात तुमची उपासनाच खोटी ठरते. आमोसने केले ते हेच.

त्याच वर्षी केपटाऊनजवळच्या बेलहार येथे मिशन चर्चने एका विश्वासकथनाचा मसुदा केला. 1986 साली ते स्वीकारले गेले. अन्यायाने भरलेल्या जगात देव विशेषत्वाने निराधारांचा आणि अन्याय झालेल्यांचा देव आहे, असे त्याचे सांगणे आहे. सोबतच्या पत्रात मात्र हे शस्त्र दुधारी असल्याची, पहिला दगड मारण्याइतके आपणही निर्दोष नसल्याची कबुली आहे. जुलूम सोसलेल्या माणसाने निवाडा देताना स्वतःलाही त्याखाली उभे करावे, हे मला फार मोलाचे वाटते.

1985 च्या सप्टेंबरमध्ये दीडशेहून अधिक पाळक आणि अभ्यासकांच्या सह्यांनी कैरॉस नावाचे पत्रक निघाले. देशात आणीबाणी होती, वस्त्यांत सैन्य उतरले होते. पत्रकाचा रोख सरकारी धर्मशास्त्रावर होताच, पण त्याहून झोंबला तो भल्या मनाच्या चर्चनेत्यांवरचा. दोन्ही बाजूंनी समेट करावा, एकमेकांना क्षमा करावी, असे हे नेते सांगत. पत्रकाने विचारले, एक बाजू हत्यारबंद आणि दुसरी नि:शस्त्र असताना समेट कसला? पश्चात्ताप न करणाऱ्याशी समेट करणे म्हणजे पापाशी समेट करणे.

मग 1990 आले. नेल्सन मंडेला फेब्रुवारीत सुटले. नोव्हेंबरमध्ये रुस्टेनबर्ग येथे चर्चांची परिषद भरली. स्टेलेनबॉशचे प्राध्यापक विली योंकर उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच्या, आपल्या चर्चच्या आणि आफ्रिकानेर लोकांच्या वतीने अपार्टहाइटच्या पापाची कबुली दिली. आर्चबिशप डेस्मंड टुटू लगेच उठले आणि ती कबुली स्वीकारून त्यांनी क्षमा जाहीर केली. सभेतल्या अनेक काळ्या प्रतिनिधींना हे रुचले नाही. आमच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार टुटूंना कोणी दिला? टुटूंचे उत्तर असे की, कोणी क्षमा मागितली तर शुभवर्तमान आपल्याला दुसरा पर्याय ठेवत नाही. मला टुटूंचा आदर आहे, पण प्रश्न विचारणाऱ्यांची बाजू त्याने निकालात निघत नाही. माझ्या गालावर मारलेल्या थपडेची क्षमा मी करू शकतो. शेजाऱ्याच्या गालावरची करणारा मी कोण?

हाच प्रश्न पुढे राष्ट्रीय पातळीवर उभा राहिला. 1995 च्या कायद्याने सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला. टुटू त्याचे अध्यक्ष. राजकीय हेतूने केलेला गुन्हा जो पूर्णपणे उघड करील त्याला माफी मिळण्याची तरतूद होती. पश्चात्ताप व्यक्त करण्याची अट नव्हती. माफी मिळाली की फौजदारी आणि दिवाणी दोन्ही दावे संपत. 1977 साली पोलिसांच्या कैदेत मारल्या गेलेल्या स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांनी आणि इतरांनी याविरुद्ध घटना न्यायालयात दाद मागितली. 1996 मध्ये ती फेटाळली गेली. तरी आयोगाने सरसकट माफी वाटली नाही, हेही सांगितले पाहिजे. सात हजारांवर अर्ज आले, 849 जणांना माफी मिळाली. बिकोंच्या मारेकऱ्यांचे अर्ज 1999 मध्ये नामंजूर झाले. माजी राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा तर आयोगापुढे फिरकलेच नाहीत.

आयोगापुढे शेकडो आयाबायांनी आपल्या मुलांच्या हाडांचा ठावठिकाणा विचारला आणि काहींना तो कळला. हे सत्य न्यायालयात निघाले असते की नाही, याची शंकाच आहे. परंतु आयोगाने पाप मोजले ते खून, छळ, अपहरण एवढ्यापुरतेच. महमूद ममदानी यांनी याच मर्मावर बोट ठेवले. 1960 ते 1983 या काळात सुमारे 35 लाख माणसे घरादारातून उठविली गेली. 1913 च्या कायद्याने काळ्यांना देशाची सुमारे 7 टक्के जमीन ठेवली, 1936 नंतर फार तर 13. ही सारी कायदेशीर कृत्ये होती, म्हणून त्यांना गुन्हेगार नाही, आणि लाभार्थी मात्र हजारो. छळ करणारा शिपाई खुर्चीवर बसून रडला. ज्याच्यासाठी त्याने छळ केला तो घरी दूरदर्शनवर ते पाहत होता. जक्कयला कोणी बोलावलेच नाही.

आयोगाने पीडितांना सहा वर्षे दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याची शिफारस केली होती. 2003 साली सरकारने एकदाच 30,000 रँड देण्याचे जाहीर केले. गुन्हेगारांची माफी तोवर कधीच लागू झालेली होती.

आणि ती पंगत? गोऱ्या चर्चने 1986 साली सर्व वर्णांना दार उघडले. त्याचाही राग येऊन काही गोरे फुटले आणि त्यांनी 1987 मध्ये वेगळे चर्च काढले. 1994 साली मिश्रवर्णीयांचे मिशन चर्च आणि काळ्यांच्या चर्चचा मोठा भाग एक झाले. बेलहारचे विश्वासकथन त्यांच्या पायाशी आहे. गोऱ्या चर्चशी त्यांचे एकीकरण करण्याची बोलणी तेव्हापासून चालली आहेत. गोऱ्या चर्चने बेलहारचे विश्वासकथन सर्वांसाठी बंधनकारक करावे की नाही, हा त्या बोलण्यांतला मोठा अडसर. 2021 च्या डिसेंबरमध्ये टुटू वारले तेव्हाही ही दोन चर्चे दोनच होती.